एक मूठ वाचली

रुथलेस हा इंग्रजी शब्द मी तेवीस वर्षं शिकवतो आहे. लोणखेड्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजीचा मास्तर आहे. पुस्तकं बदलली, परीक्षेची पद्धत बदलली, पण कुठल्या ना कुठल्या धड्यात हा शब्द येतोच, आणि माझी ठरलेली उदाहरणंही येतात. राजा रुथलेस होता. मे महिन्याचं ऊन रुथलेस असतं. पोरं वहीत उतरवून घेतात, मी पंख्याखाली सरकतो, घंटा होते. मास्तरकीत यापेक्षा जास्त घाम गाळायची मला सवय नाही.

बाकी माझी ओळख गोष्टी सांगणारा म्हणून. लग्न असो, बारसं असो, तेराव्याचं जेवण असो, पंगत उठली की भाऊबंद माझ्याभोवती कोंडाळं करतात. कोण कुठल्या लग्नात चुकीच्या मांडवात जेवून आला, कोणाची म्हैस कोणाच्या दारात व्याली, सगळं मला पाठ. ऐन जागी थोडं थांबायचं, समोरच्याला हसू येऊ द्यायचं आणि मग पुढचं वाक्य टाकायचं, ही कला मला कोणी शिकवली नाही. तिचा मला गर्व होता. होता असं लिहिलं, पण आहे असंच वाचावं.

घरात आम्ही अहिराणी बोलतो. इथं बहुतेक पुस्तकी मराठीत लिहितो. पण काही वाक्यं मराठीत आणली की मऊ होतात, म्हणून ती तशीच ठेवली आहेत.

गेल्या वर्षी अकरावीच्या वर्गात माझी पुतणी आली. माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ अक्कलकुव्याला राहतो. तो तिथून मोलगीपर्यंत प्रवासी जीप चालवायचा आणि त्याच रस्त्यावर त्याला बायको मिळाली. ती वरच्या डोंगरातल्या पाड्यातली, आरोग्य उपकेंद्रात नर्स. घरी पावरी बोलणारी, ड्युटीवर आमच्या प्राचार्यांपेक्षा शुद्ध मराठी बोलणारी. दोघांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं, त्याला आता अठरा वर्षं झाली. त्या दिवसापासून भाऊ आमच्या घरात मोजला जात नाही. 'मोजला जात नाही' ही काही माझी अलंकारिक भाषा नाही. आमच्याकडे माणसं खरोखर मोजतात. ते पुढं सांगतो.

पहिल्या दिवशी हजेरी घेताना तिचं नाव आलं. आडनाव माझंच. ती उठून 'हजर सर' म्हणाली. नाक आमच्या आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, तुमची कोण लागते?"

मी हजेरीपुस्तकातून मान वर न करता म्हणालो, "बाबा, या आडनावाची माणसं शहाद्यात पपईच्या झाडांइतकी आहेत. सगळ्यांना घरी जेवायला नेऊ का?"

वर्ग हसला. तीही हसली, ओठ मिटून. हसायची वेळ आली की ओठ मिटून हसायचं, हेही आमच्याच घरातलं. माझा भाऊ तसाच हसतो.

ती मुलींच्या वसतिगृहात राहायची. वर्षभर मला 'सर' म्हणत राहिली. मी तिला एकदाही 'काका म्हण' असं म्हणालो नाही. तीही कधी चुकून म्हणाली नाही.

यंदा ती बारावीत गेली. जुलैत एका तासाला रुथलेस आला. मी राजा आणला, ऊन आणलं, आणि तास संपवायच्या बेतात होतो, तर दुसऱ्या बाकावरून तिनं हात वर केला.

"सर, रुथलेस म्हणजे ज्याच्यात रुथ नाही तो. मग रुथ म्हणजे काय?"

"दया. कणव. पण तो शब्द आता कोणी वापरत नाही. जुना झाला."

"मग असलेला गेला आणि नसलेला राहिला?"

प्रश्न चांगला होता. तेवीस वर्षांत मला तो पडला नव्हता. मी म्हणालो, "भाषेचं असंच असतं. आपल्या एसटीसारखं. गाडी बंद होते, बोर्ड राहतो." वर्ग हसला. उत्तर न देता सुटायचं असलं की मी हसवतो. पोरांना वाटतं सर किती खेळकर.

गृहपाठ दिला: हा शब्द वापरून स्वतःच्या आयुष्यातलं काही लिहा, दोन-तीन वाक्यं. राजा चालणार नाही, ऊन चालणार नाही.

वह्या आल्या. एका पोरानं लिहिलं होतं, माझी आई मिरचीच्या बाबतीत रुथलेस आहे. एकीनं लिहिलं, आमची बकरी शेजाऱ्यांच्या तुरीबद्दल रुथलेस आहे. एका लबाडानं लिहिलं, फिजिक्सचे सर रुथलेस आहेत, पण इंग्रजीचे सर रुथफुल आहेत. हा शब्द त्यानं मोबाइलवर शोधला असणार. मी त्याला एक मार्क जादा दिला आणि ती वही स्टाफरूममध्ये दोघातिघांना दाखवली.

मग तिची वही उघडली. अक्षर सुटं, टपोरं. इंग्रजीत तीन वाक्यं. मराठीत अशी होतील: माझे काका कानबाईच्या सणाला गहू मोजतात. ते कधीच चुकत नाहीत. ते रुथलेस आहेत.

आता हे मोजणं सांगायला हवं.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात घरोघर कानबाई बसते. घरोघर म्हणजे कुळागणिक एका घरी. सगळे भाऊबंद त्या घरी जमतात. देवीला रोटांचा, म्हणजे जाड पोळ्यांचा, नैवेद्य असतो, आणि त्या रोटांचे गहू असेच पोत्यातून ओतत नाहीत. कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. नाव घ्यायचं, मूठ भरायची, वर पाव मूठ, आणि पाटीत सोडायची. बोटाएवढा जीव असो की काठी टेकणारा म्हातारा, सगळ्यांची मूठ सारखी. बायका मोजत नाहीत, दळायला-रांधायला तेवढ्या मोजतात. ज्यांची मूठ पाटीत पडली, त्यांनी आणि त्यांच्या घरातल्यांनी तो रोट खायचा. बाहेरच्याला द्यायचा नाही. आमच्याकडे आणखी एक नियम: पाटीत पडलेली मूठ परत काढता येत नाही. देवीची झाली.

मूठ आबा भरायचे. त्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा काम माझ्याकडे आलं. मी मास्तर, सगळ्यांची नावं पाठ, शिवाय मोजता मोजता गंमत करायचो. जाड्या चुलतभावाला म्हणायचो, "तुझी दीड घ्यावी लागेल." जमलेली सगळी मंडळी हसायची. मोजणीला इतकी माणसं यायची ती देवीसाठी की माझ्यासाठी, असा मला कधी कधी प्रश्न पडे. उत्तर मी माझ्या बाजूनं द्यायचो.

भावाचं लग्न वैशाखात झालं. श्रावणात मोजणीला तो आला. एकटाच, बायकोला न आणता. घरात कोणी त्याला ये म्हणालं नव्हतं, जा असंही म्हणालं नव्हतं. ओसरीच्या खांबाला टेकून तो उभा राहिला. मी ओळीनं मुठी टाकत आलो. आबा, काका, चुलते, मी, आणि माझ्या मागोमाग भाऊ. लहानपणापासून माझ्या नावामागं त्याचंच नाव यायचं, जीभ आपोआप वळली. नाव घेतलं, मूठ भरली. ती पाटीवर नेली तेवढ्यात आबा बोलले.

"त्यानी मूठ लेऊ नको. टाक मांगे."

सगळे गप्प झाले. गहू माझ्या बोटांतून निसटत होते, दोन-चार दाणे खालीही पडले. मी भावाकडं बघितलं. तो माझ्या हाताकडं बघत होता. मूठ अजून माझी होती. सोडली असती तर नियमाप्रमाणं आबांनाही काढता आली नसती. एवढंच करायचं होतं, बोटं उघडायची.

बोटं मी उघडलीच, पण पोत्यावर. ती शांतता मला सहन होईना. माझ्यासमोर माणसं गप्प बसलेली मला चालतच नाहीत. म्हणून हात झटकत मी म्हणालो, "चला, एक मूठ वाचनी!"

आधी आबा हसले. मग सगळे हसले. सुटले बिचारे. आणि खांबाला टेकलेला माझा भाऊ, तोही हसला, ओठ मिटून. मग चपला घालून निघून गेला.

आबांनी त्याला काढलं, हे खरं. पण आबांचं वाक्य कोणाच्या लक्षात राहिलं नाही. माझं राहिलं. पुढच्या वर्षी मोजणीत त्या जागी आलो, तर चुलतभाऊच म्हणाला, "एक मूठ वाचनी!" पुन्हा हशा. नंतर ते रीतच झालं. माझ्या नावानंतर मी थांबायचो, आणि सगळे एका सुरात म्हणायचे. लहान पोरांना तर ते देवीच्या मंत्राचाच भाग वाटायचं. माझा मुलगा बोलायला शिकला त्या वर्षी त्यानं ते बोबडं म्हणून दाखवलं, आणि त्याच्या आजीनं, म्हणजे माझ्या आईनं, त्याची दृष्ट काढली.

तेव्हा माझी बायको चुलीपाशी होती. रात्री नाही, तिथंच, सगळ्यांदेखत म्हणाली, "तुमचा विनोद झाला की घरातलं एक माणूस कमी होतं." मी तिलाही काहीतरी गमतीचं उत्तर दिलं. काय, ते आठवत नाही.

करोनाच्या लशीच्या वेळी आमच्या गावच्या शाळेत शिबिर लागलं. टेबलामागं भावजय बसलेली, मास्क लावून. आईनं तिला डोळ्यांवरून ओळखलं. मला वाटलं, आता ही रांग सोडणार. आईनं दुसऱ्या नर्सची मोकळी खुर्ची सोडून हिच्यापुढं दंड उघडा केला, आणि घरी येऊन सांगितलं, "तिना हात हलका शे." घरातल्या सगळ्यांनी मग तिच्याकडूनच सुई टोचून घेतली, मीही. आईच्या बीपीच्या दोन गोळ्याही तेव्हापासून तिलाच फोनवर विचारून चालतात. तिची सुई आम्हाला चालली. आमचा रोट मात्र तिला द्यायला चालत नव्हता.

तर ती वही. मी लाल पेननं खाली लिहिलं: व्याकरण शुद्ध. शब्दाची निवड चूक. कधीच न चुकणाऱ्या माणसाला अ‍ॅक्युरेट म्हणतात. दुरुस्ती करून आणावी. आणि एकातला अर्धा मार्क दिला. हे लिहिताना वाईट वाटलं वगैरे काही नाही. उलट, बरी मारली, असंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूममध्ये आली. मी एकटाच होतो, डबा उघडा.

"सर, दुरुस्तीला वेळ पाहिजे."

"एका शब्दाला किती वेळ?"

"कानबाईपर्यंत." ती वही छातीशी धरून उभी होती. "पप्पा त्या दिवशी जेवत नाहीत. मम्मी म्हणते, तुम्ही तुमच्या घरी बसवा कानबाई. पप्पा म्हणतात, कुळाची एकच असते. दिवसभर उपाशी राहतात आणि संध्याकाळी विचारतात, आता रोट फुटला असेल ना. दर वर्षी." मग म्हणाली, "आजोबा तर आता नाहीत, सर. या वर्षी तुम्ही पप्पांची मूठ घेतली, तर मी तुमचाच शब्द लिहीन."

आबांना जाऊन सात वर्षं झाली होती. सात वर्षं मी 'आबांचा शब्द' म्हणून थांबत होतो, आणि घरातले 'एक मूठ वाचनी' म्हणत होते.

त्या दिवशी घरी जाऊन आईला विचारलं. घरात आता तीच मोठी. मला वाटलं ती नाही म्हणेल, आणि मला पुतणीसमोर हात वर करता येतील. आई शेंगा फोडत होती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"माले काय इचारस? मोजणारा तू शे."

म्हणजे अडवणारं कोणी उरलं नव्हतं. सगळं माझ्या एका हातावर आलं.

मी पुतणीला सांगितलं, पप्पांना म्हणावं, यंदा मूठ घेतो. ती हसली, पहिल्यांदा दात दिसले. 'थँक यू, सर' म्हणाली. मला दिवसभर फार मोठ्या मनाचा माणूस झाल्यासारखं वाटत होतं. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "आधी पाटीत पडू द्या."

शनिवारी सकाळी मोजणी. ओसरी भरलेली. माझा मुलगा नाशिकहून आला होता, इंजिनिअरिंगला आहे. मी मनाशी ठरवलं होतं: नाव घ्यायचं आणि एका झटक्यात मूठ सोडायची. कोणी तोंड उघडायच्या आत मूठ देवीची. मग बोलत बसा.

काका, चुलते, चुलतभाऊ. माझं नाव. माझी मूठ पडली. मी पोत्यात हात घातला, भावाचं नाव मोठ्यानं घेतलं, अठरा वर्षांत पहिल्यांदा, आणि मूठ पाटीवर आणली.

आणि थांबलो.

कशासाठी थांबलो? हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे, आणि उत्तर लाज वाटण्याइतकं सोपं आहे. एवढं मोठं वाक्य टाकलं, तर समोरच्यांचे चेहरे बघावेसे वाटले. गोष्टीत ऐन जागी थांबतात तसा थांबलो. कोणाचे डोळे भरलेत का, आई काय करते, कोणी 'शाब्बास' म्हणतं का. भावाची मूठ हातात धरून मी माझ्यासाठी दाद शोधत होतो.

ते थांबणं घरातल्यांच्या ओळखीचं होतं. त्या जागी काय म्हणायचं ते त्यांना पाठ होतं. माझ्याच मुलानं सुरुवात केली, आणि सगळे त्याच्यात मिसळले:

"एक मूठ वाचनी!"

काय हसले! कोणाच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. निम्म्यांनी तर मी नाव घेतलेलं ऐकलंही नव्हतं. ज्यांनी ऐकलं त्यांना वाटलं, यंदा मास्तरांनी गंमत जरा वाढवली. जाडा चुलतभाऊ डोळे पुसत म्हणाला, "काय नाव लिधं राव, आधी खरंच वाटनं माले!"

आई एकटी हसत नव्हती. ती माझ्या मुठीकडं बघत होती. चुलीकडून बायकोही बघत होती. मूठ अजून पाटीवरच होती. बोटं उघडायची, एवढंच, पुन्हा एकदा.

मी हसलो आणि पोत्यावर उघडली.

गहू डब्यात भरून स्कूटरवर गिरणीकडं निघालो. चौफुलीवर चहाच्या टपरीसमोर भाऊ उभा. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला, केस रंगवलेले. मोटारसायकलच्या हँडलला पिशवी अडकवलेली, तिच्यातून नारळाची शेंडी दिसत होती. पोरीनं कळवल्यावर त्याला अक्कलकुव्यात बसवलं नसणार. घरी यायची हिंमत नव्हती, म्हणून गिरणीच्या वाटेवर उभा राहिला. कारण सांगितलं की जीपचा एक पार्ट घ्यायचा होता. त्यानं डब्यावर हात ठेवून आपल्या मुठीबद्दल विचारलं.

"भाऊ, मन्ही बी शे ना त्यामा?"

भर सकाळ, वर्दळ, बाजूला एक ट्रॅक्टर घरघरत होता. खोटं बोलायला यापेक्षा सोपी जागा नव्हती.

"शे ना," मी म्हणालो.

त्यानं चपला काढल्या आणि रस्त्यावर उभ्याउभ्या त्या डब्याला हात जोडले. पन्नाशीकडं झुकलेला माणूस, पत्र्याच्या डब्याला. मग मला म्हणाला, "घर नही येस. मायले तरास नको. सोमवारे नदीवर इसू, इसर्जनले." मी म्हणालो, ये. मनात म्हणालो, येणार नाही. येतो म्हणणारी किती माणसं येत नाहीत.

सोमवारी कानबाई वाजतगाजत गोमाईवर निघाली. पुढं बायका चौरंग डोक्यावर घेऊन, फुगड्या घालत. मागं आम्ही पुरुष. नदीच्या उतारावर ते तिघं उभे होते. भाऊ त्याच पांढऱ्या शर्टात, भावजय हिरव्या साडीत, आणि पुतणी कॉलेजच्या ड्रेसमध्ये, वसतिगृहातून थेट आलेली. चौरंग खाली टेकवला तसा भाऊ पुढं आला. नारळ हातात धरून, भाऊबंदांच्या ओळीत, माझ्याशेजारी. बरोबर माझ्यानंतर, जिथं त्याचं नाव यायचं तिथं.

जाड्या चुलतभावानं भुवया उंचावल्या. रागानं नाही, आश्चर्यानंच.

"तू कसाकाय उना रे?"

भावानं छाती काढून सांगितलं, "यंदा मन्ही मूठ बी शे. भाऊले इचारा."

ताशा थांबला होता. सगळे माझ्याकडं बघायला लागले. चुलते, पोरं, आई, बायको, भावजय, पुतणी. तीच शांतता, अठरा वर्षांपूर्वीची. आणि माझ्याजवळ तिच्यावर एकच औषध.

"आरे, मी ते मजाक करेल व्हती!" मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "डबाले हात जोडा त्यानी, खरंच! रस्तावर, चपला काढीसन!"

आणि मी ते करूनही दाखवलं. डोळे मिटून, हात जोडून, त्याच्यासारखा थोडा पुढं झुकून. नक्कल मला चांगली जमते.

हसले सगळे. मोठ्यानं हसले. माझा मुलगा पोट धरून हसला. भाऊ माझ्याकडं बघत होता, मग त्याचे ओठ मिटले आणि तोही हसला. हसत हसतच दोन पावलं मागं सरला, ओळीतून बाहेर. नारळ कुठं ठेवावा ते त्याला कळेना. तो नारळ उगीच या हातातून त्या हातात घेत होता.

भावजय पुढं आली. तिनं त्याच्या हातातून नारळ घेतला, पिशवीत ठेवला आणि त्याचं कोपर धरलं, उपकेंद्रात चक्कर आलेल्या माणसाचं धरतात तसं. माझ्याकडं वळून एवढंच म्हणाली, "भाऊजी, आईंची दुसरी बीपीची गोळी संपत आली असेल. आणून द्या." आणि त्याला घेऊन उतार चढून गेली. पुतणी जरा वेळ थांबली. ती हसणाऱ्या प्रत्येकाकडं बघत होती, एकेकाकडं, मोजल्यासारखी. मग तीही गेली.

संध्याकाळी रोट फोडला. यंदा मीच सगळ्यांना वाढला. आईनं ताटात घेतला, तोडला नाही. म्हणाली, दात दुखतो.

नक्कल दोन दिवस चालली. पोरांनी आपसात करून दाखवली, डब्याला हात जोडायची. मी त्यांना थांबवलं नाही. थांबवताना काय सांगणार होतो?

गुरुवारी कॉलेजात वह्यांचा गठ्ठा टेबलावर आला. तिची वही मधेच कुठंतरी होती. माझी लाल शेऱ्याची ओळ तशीच, अर्धा मार्क तसाच. खाली त्याच टपोऱ्या अक्षरात पुन्हा लिहिलेलं. आधीची तीन वाक्यं जशीच्या तशी होती, मधे एक वाढलं होतं. माझे काका कानबाईच्या सणाला गहू मोजतात. ते कधीच चुकत नाहीत. ते सगळ्यांना हसवतात. ते रुथलेस आहेत.

मी व्याकरण तपासलं. स्पेलिंग तपासलं. दोनदा वाचलं. चूक सापडेना. मग माझा जुना शेरा खोडला, अर्धा मार्क खोडला आणि पूर्ण एक दिला. खाली लिहिलं: शब्दाचा उपयोग बरोबर.

तास संपल्यावर वह्या वाटल्या. तिनं तिची उघडून शेरा वाचला. मी फळा पुसत उभा होतो, पुसून झालेला फळाच. वाटलं, ही काहीतरी बोलेल. रडेल, भांडेल, पप्पा कसे आहेत ते सांगेल. मी विचारणार होतो, खरंच विचारणार होतो. आता वर्गात तसं कोणी उरलंही नव्हतं.

तिनं वही बंद केली, दप्तरात घातली, आणि दारातून जाताना मान किंचित झुकवून म्हणाली, "थँक यू, सर."